तळव्यावर धरलेलं मीटर

कॅमेऱ्याच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालत नाही. घातला तर मी हरत नाही. जुना, फिल्मचा एसएलआर घेतल्यापासून त्याच्या चकतीवरची चार अक्षरं मी घरात इतक्यांदा समजावलीत, की आईलाही ती पाठ आहेत. पी ठेवलं की कॅमेरा सगळं स्वतःच ठरवतो. ए ठेवलं की भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, आणि ते किती वेळ उघडं राहणार ते तो ठरवतो. एस त्याच्या उलट. एमवर छिद्रही आपलं आणि वेळही आपली. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई नुसता सल्ला देते.

"मंजे एमवर चुकलं तर आपलंच चुकलं," बाबा म्हणाले होते.

"हो."

"मंग तू त्याच्यावर का न्हाय ठेवत?"

मी हसण्यावारी नेलं. मी कायम एवर काढायचे. तिथं चुकलं तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवता येतं.

निजामपुऱ्यातल्या गाळ्यात आमचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. बाबा आमच्या कोन गावाहून रोज तिथं जायचे, चाळीस वर्षं. गेल्या वर्षी त्यांनी ते भंगारात द्यायचं ठरवलं. गुडघे बोलू लागले होते, आणि लूम पुढे चालवायला मी तयार नव्हते, हेही खरंच. मला फक्त चालत्या लूमपाशी उभ्या बाबांचा एक फोटो हवा होता. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, सगळे लग्नांतले, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांत मला माझे बाबा दिसत नाहीत.

पहिला रोल धुऊन आला तेव्हा लूमवरचं पांढरं कापड राखेसारखं आलं होतं आणि त्यामागे बाबांचा चेहरा काळाठिक्कर. मी लॅबवाल्याला फोनवर धारेवर धरलं. बाबांनी मात्र फोटो दारातल्या उजेडात नेला, कापडाचा ताका तपासावा तसा तिरका धरला.

"कापड पांढरं हाय, बाय. ह्ये मळकं का आलं?"

मी दोन दिवस तणतणले, मग कॅमेऱ्याचं पुस्तक उघडलं. मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं ते धरून चालतं. समोर सगळं पांढरं कापड, म्हणून त्यानं उजेड कमी घेतला आणि बाबा अंधारात गेले. चूक माझी होती. लॅबवाल्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

दुसरा रोल, छत्तीस फोटोंचा, शेवटच्या दिवशी भरला. संध्याकाळी शिफ्ट सुटली की लूम कायमचे बंद, आणि सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. बावीस फोटो काढले, कापड पांढरं यावं म्हणून या वेळी उजेड जास्त घेऊन. मग कॅमेरा बाकावर ठेवून चहा आणायला नाक्यावर गेले. परत आले तर बाबा बाकापाशी कॅमेरा हातात घेऊन उभे. त्याची पाठ सताड उघडी, आणि ते आत फुंकर मारत होते.

गाळ्यात सुताचा बारीक कापूस सतत उडतो. तो जिथं बसेल तिथं काम अडतं. म्हणून दिसेल ते उघडायचं आणि फुंकायचं, हा लूमवाल्यांचा हातचा धर्म. बाबांनी कॅमेऱ्यावर कापूस पाहिला, वरची गुंडी ओढली आणि धर्म पाळला. फिल्मला उजेड लागला. गुंडाळून झालेले बहुतेक फोटो गेले.

"तुला काही कळतं का, बाबा? कशाला हात लावलास?" मी किंचाळले. आठ लूमच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. पण चाळीस वर्षं त्या आवाजात काढलेला माणूस ओठांवरून वाचतो. त्यांनी शब्द न् शब्द वाचला. पाठ हलकेच लावली, कॅमेरा बाकावर ठेवला आणि लूमपाशी जाऊन उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबीत न उलगडलेली फिल्म शाबूत होती. दोन फोटोंची जागा पुढं सरकवली, बारा उरले. पत्र्यातल्या काचेतून येणारं ऊन लूमवरून उतरू लागलं होतं. मी चकती एमवर फिरवली. मीटर कापडावर धरायचं नाही, हाताच्या तळव्यावर धरायचं, असं पुस्तकात होतं. माझा हात त्या उजेडात पोचेना. मी बाबांना खुणेनं सांगितलं, हात पुढे कर.

त्यांना वाटलं, मी रागावलेय आणि काहीतरी परत मागतेय. दोन्ही हात रिकामे असल्याचं दाखवत त्यांनी तळवे पुढं केले. मी कॅमेरा उजव्या तळव्याजवळ नेला. तळवा मधल्या रंगाहून उजळ असतो, म्हणून छिद्र एक घर जास्त उघडा, असं पुस्तक सांगतं. बाबांचा तळवा तेलानं इतका मुरलेला, की तसं काही करावंच लागणार नव्हतं. सुईला हवा तोच रंग तिथं होता. डोळे भरल्यामुळे सुई मला दोनदा बघावी लागली.

"सॉरी," मी नुसते ओठ हलवले. त्यांनी तेही वाचलं, आणि लूमकडे वळले.

फोटो आले. कापड पांढरं आहे, धोटा धावताना पुसट झालाय, आणि बाबा बाबांसारखे दिसतात. वरून आलेल्या उन्हात कापूस तरंगतोय, त्यातला थोडा त्यांच्या केसांवर बसलाय. हे अगदी बरोबर आलं, आणि ते मीच काढलं.

बाबांनी फोटो दारातल्या उजेडात नेला, तिरका धरला. पुष्कळ वेळ पाहिला. मग त्यावर हळूच फुंकर मारली.

कापूस हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली.