अरुंधतीसाठी अंधार

चेन्नईजवळच्या तांबरमचे निवृत्त मास्तर गुंडोराव यांचं लग्न तरुणपणी भर दुपारी लागलं होतं. भटजींनी नवरीला अरुंधतीचा तारा दाखवा म्हणताच त्यांनी मांडवाच्या छताकडे बोट केलं आणि नवरी कृष्णवेणीबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "दिसली हो!"

म्हातारपणी बाईंची नजर जाऊ लागली. त्याआधी खरी अरुंधती दाखवावी म्हणून मास्तर स्कूटरवरून अंधार शोधत फिरले. शोळिंगनल्लूरला कंपन्यांचे दिवे, तळ्याकाठी साप, माळावर दारुडे! चेन्नईत एवढा साधा अंधार मिळेना. वर्षभरानं एका खेड्यात देवळामागे सापडला.

"ती बघ, वसिष्ठाशेजारी."

बाईंनी भलतीकडेच मान वर केली. "दिसली हो!" मांडवातलाच सूर.

मास्तरांनी आपलं बोट हळूच त्या बाजूला वळवलं. म्हणाले, "तीच."