दहाव्याची हजामत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी स्वतःच लोकांना भ्या दाखवणारा माणूस... वस्तरा हातात घेतला की गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायचं. मला अक्षर येत नाही. मी बोलतोय आणि शाळेचे मास्तर लिहून घेतायत. त्यांना सांगितलंय, माझी बाजू सावरू नका.

दुकान कोपरीला, ठाणे टेसनाच्या अंगाला. मालक सखारामदादा. तरुणपणी पलटणीत गेलेला, लढाईत उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गमावून आलेला. न्हाव्याचा उजवा हात गेला म्हणजे संपलंच की... पण दादानं मडक्याला साबण फासला आणि डाव्या हातानं वस्तरा शिकला. मग अशी हजामत करायचा की माणसं बसल्याबसल्या झोपायची. सकाळी आपल्या चार पोरींना रांगेत बसवून वेण्यापण तोच घालायचा. अंगठा आणि करंगळीत कान धरून मान फिरवायचा, म्हणायचा, "सरळ बस." पोरगी असो नाहीतर गिऱ्हाईक.

मी त्याचा चेला. मलाही शिकायला मडकं दिलेलं. मी ते फोडलं. माझी गिऱ्हाइकं मिठागरातली. कापलं की खारं पाणी झोंबायचं, आणि ती खाडीपर्यंत मला शिव्या घालत जायची.

दादा तापानं गेला. वहिनी म्हणाली, "दहाव्याला तूच बस वस्तरा घेऊन. त्यांनी तुला पोरासारखं ठेवलेलं. पण एकाचंही रक्त काढलंस तर दुकान माझा भाऊ चालवील. कल्याणहून आलाय तो."

"टक्कलवाले जास्त असले तर जमेल, वहिनी."

ती हसली नाही.

खाडीवर दादाचे मुलगे, पुतणे ओळीनं बसलेले. बायका लांब चिंचेखाली. वहिनीचा भाऊ माझ्या मागंच उभा. "सावकाश रे," तो म्हणाला, "केस परत उगवतात, डोकी नाही."

थोरल्याच्या डोक्याला पाणी लावलं... आणि बघतो तर वस्तरा माझ्या डाव्या हातात. कधी बदलला, ठाऊक नाही. डाव्या हातानं मी भरलेला तांब्यापण सांडतो. हात चालायला लागला. थांबवू म्हटलं तर थांबेना. उजव्यानं मी थोरल्याचा कान धरला — अंगठा आणि करंगळीत. थोरला दचकून मागं वळायला गेला.

"सरळ बस," मी म्हटलं. आवाज माझाच होता. बोलणं माझं नव्हतं.

सगळी ओळ झाली. रक्ताचा थेंब नाही. वहिनीच्या भावानं खांद्यावर हात ठेवला, "मानलं तुला."

इथं खरं सांगायला हवं होतं. मी काय म्हटलं? "सराव आहे."

संध्याकाळी वहिनीनं दादाची धोकटी, वस्तरे-कात्र्यांची ती चामड्याची पिशवी, माझ्या हातात दिली. मी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला दोन्ही कानांजवळ कापलं. म्हटलं, निदान सारखं तरी झालं. मग लाज वाटायला लागली, ती काही थांबेना. धोकटी घेऊन वहिनीकडं गेलो.

"वहिनी, काल तो मी नव्हतो."

"ठाऊक आहे. सगळा संसार त्या हाताबरोबर केलाय. लांबूनपण कळतो."

"मग धोकटी मला का दिलीस?"

"ते ज्याच्याकडं आले त्याला दिली." मग हळू आवाजात, "माझ्यासाठी काय बोलले का रे?"

थापा मारणं हाच माझा खरा धंदा. एक गोड थाप मारली असती तर तिचा जीव शांत झाला असता. पण दादाच्या नावानं थाप मारवेना.

"नाही, वहिनी. थोरल्याला सरळ बस म्हणाले, तेवढंच."

"बरं," ती म्हणाली. "घरी नाही आले ते. कामावर आले." आणि चूल पेटवायला वळली.

आला तर माझ्याच हातात का आला, बायको समोर असताना... मास्तरांनाही सांगता येत नाही. दुकान माझ्याकडंच आहे. वहिनी बाजाराला जाताना दारापाशी थांबते, आत बघते. माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं. मी मान खाली घालतो आणि उजव्या हातानंच काम करत राहतो.