निळ्या उजेडात भरलेले दात

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. खुर्चीत बसलं की तोंड उघडं, बोलायची सोय नाही. मग माणूस बसण्याआधी नाहीतर उठल्यावर सगळं एकदम बोलून टाकतो! नव्वदच्या दशकात अंबडला माझं छोटं क्लिनिक होतं. मी आणि मदतीला शकीलाआपा, एवढाच स्टाफ. आता क्लिनिक नाही, पण दुपारी डोळा लागता लागता ती माणसं एकेक करून येऊन बसतात.

दाताच्या रंगाचं फिलिंग तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. किडलेला भाग कोरायचा, मऊ मसाला भरायचा आणि निळ्या लाइटनं तो कडक करायचा. त्याआधी सगळ्यांच्या दाढांत काळपट चांदी!

*

रंग जुळवायला एक पट्टी असायची. तिच्यावर नकली दात ओळीनं, पांढऱ्याशुभ्रपासून पिवळट करड्यापर्यंत. एक मोसंबीवाले काका आले. पुढचा दात किडलेला, बाकीचे तंबाखूनं रंगलेले. त्यांनी पट्टीवरच्या सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं.

"काका, हा तुमच्या दातांशी जुळणार नाही. कळणारच नाही असा बसवते."

काका चमकले. "कळणारच न्हाई? मंग बसवायचा कशाला!"

*

अंकुशनगरच्या साखर कारखान्यातले एक फिटर आले. गाळपाचा हंगाम चालू, डोळे लालभडक. "डोळे मिटा" म्हटलं आणि निळा लाइट लावला. लाइट बंद केला तरी डोळे मिटलेलेच. गडी गाढ झोपलेला, तोंड तसंच उघडं!

बाहेर तीन पेशंट. आपा हळूच जाऊन त्यांना म्हणाली, "जरा धीरे बोलो, बेचारा सोया है." आणि गंमत म्हणजे कुणीच कुरकुरलं नाही. खिडकीतून ऊन आत येत होतं, पंखा संथ फिरत होता, आम्ही पाच माणसं एका अनोळखी माणसाची झोप राखत बसलो.

अर्ध्या तासानं ते दचकून उठले. "झालं का?"

"कधीच झालं."

त्यांनी जिभेनं दाढ चाचपली, खुर्चीच्या हाताकडे एकदा प्रेमानं बघितलं. "म्याडम, दुसरी एखांदी किडली असंल तर बघा ना."

*

वकीलसाहेब कोर्टात तासन् तास बोलायचे. त्यांच्या दाढेत मसाला भरला आणि लाइट गेले. दात कोरडा राहिला पाहिजे, म्हणून दोन्ही गालांत कापूस. दिवसाच्या उजेडानंही मसाला हळूहळू घट्ट होतो, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या.

त्या मंद अंधारात सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं स्टूल जवळ ओढलं आणि बोलायला सुरुवात केली. माहेरची विहीर, लग्नाआधी शिकायचं राहून गेलेलं गाणं, कुठल्याशा चिंचेच्या झाडाखालची दुपार. वकीलसाहेब नुसते बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच हरकत घेता येत नव्हती!

लाइट आले. मी लगबगीनं उठले, तर वहिनींनी हात वर केला.

"थांबा हो जरा. माझं व्हायचंय अजून."

वकीलसाहेबांनीही मान हलवली. थांबा.

*

एसटीनं दोन तासांवरच्या हसनाबादच्या एका शेतकऱ्याची लेक अंबडला दिलेली. नातवाच्या बारशाला चांगलं दिसावं म्हणून बायकोनं त्यांना माझ्याकडे आणलं. पुढच्या दोन दातांमध्ये किडून भोक पडलेलं. मी इतकं सुरेख भरलं की आपानं स्वतःहून आरसा आणून दिला.

पंधरा दिवसांनी ते एकटेच परत आले. चेहरा उतरलेला.

"काढून टाका, बाई."

"का हो? दुखतंय?"

"दुखत न्हाई. शिट्टीच वाजंना." त्या भोकातून ते शिट्टी वाजवायचे. घरी पाखऱ्या नावाचा म्हातारा बैल, डोळ्यांनी अधू झालेला. शिट्टीच्या मागं मागं तो पाण्यावर जायचा. "हाका मारून राह्यलो, पण माहा आवाज त्याला वळखूच येईना. इतके दिस कसाबसा ओढून नेला, आता दोन दिस झाले, पाण्याला जागचा हालला न्हाई. लोकं म्हणतेत, आता इकून टाका."

चांगलं बसलेलं फिलिंग मी कधी उकरलं नव्हतं. आपा म्हणाली, "बाई, खोल दो." मी कीड परतणार नाही एवढं राखून बारीक भोक पाडलं. त्यांनी खुर्चीतच ओठ जुळवले आणि शिट्टी वाजवली. लांब, खाली उतरत जाणारी. आपाचे डोळे भरून आले.

आठवड्यानं त्यांची बायको लेकीकडे आली होती, ती मुद्दाम क्लिनिकला डोकावली.

"ते इकडं आल्ते ना, त्या दिवशी मी घरीच व्हते. भर दुपारी पाखऱ्या बसल्या जागचा उठला, कान टवकारले, अन् दावं तोडून निघाला ना! मी मागं मागं. तर गडी बराबर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा. संध्याकाळी हे उतरंपर्यंत हालला न्हाई."

तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे बघत विचारलं,

"बाई, तुम्ही त्यायला इथंच शिट्टी वाजवाया लावल्ती का हो?"