मृदंगाच्या शाईची तबकडी

विद्याधर करमरकर बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात घड्याळांच्या तबकड्या आखत. कऱ्हाड सोडून त्यांना वीसेक वर्षं झाली होती. कंपास न लावता काढलेलं त्यांचं वर्तुळ तपासायला कुणी जात नसे.

नव्वदनंतर बाजारात खासगी कंपन्यांची देखणी घड्याळं आली आणि कारखान्याला नव्या तबकड्यांची घाई झाली. विद्याधरांच्या टेबलावर परदेशी कॅटलॉग येऊन पडले. ते रोज काहीतरी काढत आणि फाडून टाकत.

"सगळं उसनं वाटतंय," ते एकदा बायकोला, अलकाताईंना म्हणाले.

"मग ते टेबल सोडा जरा. रामनवमीचं गाणं आहे, चला माझ्याबरोबर."

विद्याधरांना गाण्यातलं काही कळत नसे, तरी ते गेले. मल्लेश्वरमच्या त्या मांडवात जागा मिळाली ती कडेला, मृदंग वाजवणाऱ्याच्या अगदी शेजारी. अलकाताई डोळे मिटून ऐकत होत्या. विद्याधर मात्र मृदंगाच्या तोंडाकडे बघत राहिले. मधोमध काळीभोर शाई, भोवती फिकट चामड्याचं कडं. बोटं कुठे पडताहेत ते लांबूनही स्वच्छ दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते मृदंग बनवणाऱ्या मल्लाप्पांचं दुकान शोधत गेले. हा काळा रंग चकाकत नाही तरी इतका खोल कसा दिसतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मल्लाप्पांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"एकदम जाड लावलं की पोपडा निघतो. स्वल्प स्वल्प लावायचं, दगडाने घासायचं, मग पुन्हा लावायचं," असं म्हणून त्यांनी दगड विद्याधरांच्या हातात दिला. विद्याधर दुपारभर घासत बसले.

कारखान्यात रंगकामाला हेमलता होती, कितीतरी पिढ्यांपासून बंगळुरूत राहणाऱ्या मराठी घरातली. विद्याधरांनी तिला सगळं समजावून सांगितलं.

"सर, मशीन एकच थर देतं. हे हातानेच करावं लागेल," ती म्हणाली. मग कानडी वळणाने, "सरी, ठीक आहे, करून बघू."

आठवडाभर दोघांनी पातळ थर दिले आणि घासले. मध्ये काळं वर्तुळ, भोवती फिकट कडं आणि त्या कड्यावर तासांच्या बारीक रेघा. साहेबांनी ती तबकडी खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि थोडी घड्याळं काढायला परवानगी दिली. ती खपली. कारखान्याचे दिवस काही त्याने पालटले नाहीत, पण विद्याधर पालटले. सुट्टीच्या दिवशी ते विभागातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडू लागले. कधी देवळाचे खांब पाहायचे, कधी लाकडी खेळण्यांवर लाख चढवणारे कारागीर.

असेच एकदा सगळे आनेकलला रेशमाचे माग पाहायला गेले. परतताना बसमध्ये हेमलता तिकिटाच्या पाठीवर रेघा ओढत होती. पुढच्या आठवड्यात तिने भीत भीत एक कागद विद्याधरांपुढे ठेवला. साडीच्या काठासारखी दुरंगी कड असलेली ती तबकडी होती, तिने आयुष्यात काढलेली पहिली.

विद्याधरांनी ती बराच वेळ पाहिली. "रेघ कुठेही हलवू नकोस," ते म्हणाले आणि स्वतःच्या चित्राबरोबर तिचंही चित्र तिच्या नावानिशी वर पाठवलं.

त्या वर्षी साहेबांनी हेमलताची तबकडी निवडली. विद्याधरांची परत आली. ते दुपारी बाहेर जाऊन चिरोट्यांचा पुडा घेऊन आले आणि टेबलाटेबलावर फिरून प्रत्येकाला सांगू लागले, "आपल्या हेमलताचं डायल पास झालं."