शोभाबाई गायच्या

परवा नात मला ठाण्यात एका कॅफेत घेऊन गेली. जिना चढताना ओलसर गालिच्याचा वास आला आणि मी जागा ओळखली. "इथे पूर्वी ऑर्केस्ट्रा बार होता," मी म्हणालो.

"बार? आता कोण जातं आजोबा असल्या ठिकाणी? आम्ही दहाला घरी," नात हसली. आत मुलं कॉफी पीत लॅपटॉपवर काम करत होती.

मला मात्र त्या काळची आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची गच्ची दिसत होती. रविवारची सकाळ, सतरंजीवर सभा भरलेली. मी सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू शोभाबाई रात्री कुठे जातात, हा विषय.

"हॉस्पिटलात नाइट ड्युटी म्हणे! एवढा गजरा माळून?" कर्णिकवहिनी म्हणाल्या. सगळे हसले.

शोभाबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्हीच सांगा ना, मी काय करते ते."

त्या या बारमध्ये जुनी हिंदी गाणी गायच्या. दर शुक्रवारी खांबाआडच्या टेबलाशी बसून मी ऐकायचो, आणि त्यांनी मला तिथे पाहिलं होतं. घरी ओव्हरटाइम सांगितलेला असायचा.

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो आणि वहीत ठराव लिहिला: 'वर्तन संशयास्पद, खोली रिकामी करून घ्यावी.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

आठवड्याभरात त्या गेल्या. त्यांचं नाव निघालं की सोसायटीतली जुनी माणसं अजून आवाज खाली करतात.

"तुम्ही आलेलात इथे?" नातीने विचारलं.

"हो. आमच्या शेजारच्या शोभाबाई इथे गायच्या."

"कशा गायच्या?"

सभेत हे कोणीच विचारलं नव्हतं. माझी कॉफी गार झाली होती.

"छान," मी म्हणालो.