नेलच्या गालावरची तीट

मुलुंडहून निघताना माझ्या बॅगेत दोन स्वेटर, एका गाळ्याचा नकाशा आणि पँटींच्या घड्यांत कोंबलेला सुका बोंबील होता. स्वेटरांचं मला माहीत होतं, नकाशा मीच काढला होता. बोंबलाचा पत्ता मात्र मला डब्लिनच्या विमानतळावर लागला, तोही एका कुत्र्याकडून. कुत्रा माझ्या बॅगेसमोर बसला तो उठेचना. गणवेशातल्या बाईंनी बॅग उघडली, पुडी हुंगली, डोळे पुसले आणि "मासळी चालते, मटण नाही" असं सांगून आम्हाला घाईघाईने बाहेर काढलं. माझी बायको सुलभा मालवणची. "बघा, सरकारी मान्यता असा," ती म्हणाली आणि पुडी परत माझ्याच पँटींत ठेवली.

आता नकाशाविषयी. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूम इन्स्पेक्टर होतो. आयुष्यभर सुटे भाग मापले आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारला. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा रिकामा झाला तेव्हा टेप घेऊन मी तो कोपऱ्याकोपऱ्यातून मापून काढला. आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता जनावरांची डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी ती आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात, एका खेड्यातल्या दवाखान्यात नोकरीला गेली. तिचा करार त्या महिन्याअखेर संपत होता. तो वाढवायचा की मुंबईला परत यायचं, हे तिला ठरवायचं होतं. माझं ठरलेलंच होतं. नकाशात तपासणीचं टेबल होतं, औषधांचा फ्रीज होता, मांजरांना बसायला वेगळा बाकसुद्धा होता. पण फोनवर विषय काढला की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही याल त्या आठवड्यात रविवारी इथे टेरियरचा मेळा आहे. तो होऊ दे, मग सांगते. तोपर्यंत एक शब्द नको हां, प्लीज."

विमानतळावरून गाडीने तीन-चार तास. मोठा रस्ता संपला आणि 'बोरीन' (शेतांमधून जाणारी चिंचोळी वाट) सुरू झाली. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांच्या भिंती आणि मधे इतकीच जागा की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला शेतात मुक्काम करावा लागेल. बोरीन ऐकून सुलभाला बोरिवलीच्या वन्सं आठवल्या आणि पुढचा तासभर आम्ही त्यांच्याविषयी बोललो. बाहेर सगळं हिरवं. आयर्लंडच्या हिरवळीचं कौतुक सगळेच करतात, म्हणून मी करत नाही. शंभर किलोमीटर हिरवं बघितल्यावर मला एखादं पानाचं दुकान बघावंसं वाटू लागलं.

प्राजक्ता टॉम नावाच्या म्हाताऱ्या मेंढीवाल्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. टॉम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको वारलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्याच्याकडे विशेषण एकच, 'ग्रँड'. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, गुडघे कसे आहेत विचारलं तर तेही ग्रँड. आपल्याकडे झकास म्हणायला निदान काहीतरी झकास असावं लागतं.

त्याची टेरियर कुत्री नेल मात्र पहिल्या मिनिटाला माझ्या प्रेमात पडली. माझ्या पँटीला नाक लावून ती जी बसली ती रात्री जेवणापर्यंत. मी संडासला गेलो तर दाराबाहेर पहारा. "हिने असा जीव आजवर कुणाला लावला नाही," टॉम भारावून म्हणाला. बोंबलाचं नाव मी काढलं नाही. माणसाला आयुष्यात असे मान कितीदा मिळतात?

नेल म्हणजे सहा किलोंचा पांढरा, खरखरीत केसांचा ऐवज. एक कान तपकिरी, दुसरा अर्धाच, ओठावर जुना व्रण. ही कुत्री मांडीवर बसवायची नव्हेत, कामाची आहेत. कोल्ह्याच्या बिळात घुसायचं, अंधारात त्याच्यासमोर उभं राहून भुंकायचं आणि वरून मालक फावड्याने खणत येईपर्यंत मागे हटायचं नाही, हे त्यांचं काम. प्राजक्ताने आम्हाला हे स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं.

"कोल्ह्यान ह्यांचा काय घोडा मारल्यान?" सुलभाने विचारलं.

प्राजक्ताने प्रश्न टॉमला सांगितला. टॉमने एकाच शब्दात उत्तर दिलं, "कोकरं." सुलभाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि पाव पुढे सरकवला. तिथला तपकिरी सोडा-पाव गरम असताना उत्तम लागतो. थंड झाल्यावर दार उघडं ठेवायला वापरता येईल.

गुरुवारी प्राजक्ता मला तिच्या फेरीवर घेऊन गेली. मिक नावाच्या शेतकऱ्याची गाय अडली होती. माझ्या मुलीने खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलं आणि बाहेर ओढलं. मी धीराने भिंतीकडे बघत उभा होतो. वासरू जिवंत, गाय जिवंत, मिक खूश. बाहेर आलो तर अंगणात मिकची तांबूस टेरियर तीन पायांवर लंगडत होती. प्राजक्ता खाली वाकली, तसं मिकने पटकन कुत्रीला उचलून काखेत धरलं.

"मोठे डॉक्टर येतील तेव्हा दाखवीन," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी फणकारलो. जी पोरगी गाय वाचवते तिला कुत्रीचा पाय बघता येत नाही?

"तीन वर्षं हेच चाललंय, बाबा," ती म्हणाली. "गाय देतात, मेंढी देतात. टेरियर नाही देत. टेरियर म्हणजे घरातलं माणूस, आणि मी बाहेरची ना."

"मग सरळच आहे की. आपल्या मुलुंडला..."

"बाबा. रविवार."

मग तिने सांगितलं की मेळ्यात नेलला ती स्वतः घेऊन जाणार होती. टॉमचे गुडघे रिंगणात चालण्यासारखे राहिले नव्हते आणि त्याने आपली कुत्री दुसऱ्याच्या हातात दिलेली त्या भागात कुणी पाहिली नव्हती. गावासमोर हे नीट पार पडलं तर ही माणसं तिला आपली म्हणतील आणि ती राहील. बिनसलं तर तीन वर्षं पाण्यात आणि ती परत येईल. शेवटचं तिने सांगितलं नाही, मला कळलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आलं, की नेल परीक्षकाला कडकडून चावली तर किती बरं होईल.

रविवारी सकाळी टॉम टाय शोधत होता, प्राजक्ता गाडी काढत होती आणि नेल नाहून-माखून ओट्याखाली बसली होती. सुलभाने पर्समधून काजळाची डबी काढली. "अख्खो गाव बघतलो हिका," असं म्हणत तिने नेलच्या पांढऱ्या गालावर, तपकिरी कान पडला की झाकली जाईल अशा जागी, बोटाने एक ठसठशीत तीट लावली. मी बघितलं आणि गप्प राहिलो. आमच्या संसारात मी बोलून काही बदलल्याचं उदाहरण नाही.

मेळा एका उतरत्या शेतात होता. गवताच्या गासड्या मांडून रिंगण केलेलं, बाजूला चहाचा तंबू आणि एक लाउडस्पीकर, ज्यातून फक्त खोकला स्पष्ट ऐकू यायचा. दीडशे तरी कुत्री असतील आणि प्रत्येक जण बाकीच्यांची आईबहीण काढत होता. मालक मात्र अतिशय शांत. चेहऱ्यावरून कुठला मालक कुणाचा ते मला दहा मिनिटांत ओळखता येऊ लागलं. स्पर्धा नाना प्रकारच्या. म्हाताऱ्या कुत्र्यांची वेगळी, पिल्लांची वेगळी आणि एक सर्वात जोरात शेपूट हलवणाऱ्याची. ही शेवटची आमच्या कारखान्यात दर वर्षी बढत्यांच्या वेळी व्हायची.

कामाच्या टेरियरची स्पर्धा सुरू झाली. गोल टोपी घातलेला परीक्षक कुत्र्याचे दात बघायचा, त्याला चालवून घ्यायचा आणि शेवटी पुढच्या पायांच्या मागून, छातीभोवती दोन्ही पंजे घालून उचलायचा. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं एकमेकांना टेकली तर कुत्रा बिळात जाईल. नाही टेकली तर अडकेल. मी ताडकन उभा राहिलो. हा तर गो-नोगो गेज! आमच्याकडे भाग गेजमधून गेला तर पास, अडकला तर रिजेक्ट, मधे चर्चा नाही. इतक्या लांब येऊन मला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या खात्यातलं भेटलं होतं.

"अहो, बसा," सुलभाने माझा स्वेटर ओढला. "तुमची आई माका बघूक इल्ली तेव्हा ह्याच केल्यान. दात तेवढे बघूचे रवले."

प्राजक्ता नेलला घेऊन आत गेली. नेल चालली तीही झोकात. परीक्षकाने तिला उचललं, बोटं बोटांना टेकली, त्याने मान डोलावली. बाजूच्या माणसाने टॉमच्या पाठीवर थाप मारली. मग परीक्षकाने नेलचं तोंड उजेडाकडे वळवलं, गालावरून अंगठा फिरवला आणि अंगठा काळा झाला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. "बुटाचं पॉलिश?"

आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. शेजारच्या बाईंनी मला समजावलं की काही लोक कुत्र्याचा दोष झाकायला रंग लावतात आणि तिथे याहून मोठा गुन्हा नाही. प्राजक्ताने त्या काळ्या डागाकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. शाळेत जाताना आईने लावलेली तीट हीच पोरगी फाटकाबाहेर पडताच रुमालाने पुसून टाकायची, मैत्रिणी हसतील म्हणून. आताही तिला म्हणता आलं असतं की चुलीपाशी बसली होती, काजळी लागली असेल.

"काजळ आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या आईने लावलं, नेलला कुणाची नजर लागू नये म्हणून. ती बघा, तिथे बसलीय."

परीक्षकाने सुलभाकडे बघून टोपी काढली. "हेतू चांगला आहे, बाई," तो म्हणाला, "पण नियम म्हणजे नियम. कुत्री बाद."

झालं. मला हवं होतं तेच झालं, कुत्रीला चावावंसुद्धा लागलं नाही. पण नेलला घेऊन ताठ मानेने बाहेर येणारी माझी लेक पाहिली आणि मला माझीच लाज वाटली.

टॉम काठी टेकत आमच्याकडे आला. आता हा ओरडणार, या तयारीने मी पुढे झालो. तो सुलभाशेजारी गासडीवर बसला. "नजर म्हणजे, कुणी कौतुक करून गेलं की जनावर आजारी पडतं, ते का?" त्याने विचारलं. सुलभाने हो म्हटलं. "माझी आई गायीच्या शेपटीला लाल चिंधी बांधायची," तो म्हणाला. "वासराला कुणी नुसतं छान म्हणून गेला आणि 'देव त्याचं भलं करो' म्हणाला नाही, तर आई त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलवायची. म्हणायला लावायची." मग तो जोरात हसला. पन्नास वर्षांत ही गोष्ट कुणापाशी काढली नव्हती, म्हणाला, लोक अडाणी म्हणतील म्हणून.

चहाच्या तंबूत ही बातमी आमच्याआधी पोचली होती. कुणाच्या आजीच्या ताकावर लोणी येत नव्हतं, कुणाच्या घोड्याला नजर लागली होती, सगळ्यांनाच काही ना काही आठवलं. मग एका आजोबांनी आपला कुत्रा सुलभाच्या मांडीवर ठेवला आणि यालाही लावा म्हणाले. सुलभाने त्या ध्यानाकडे नीट पाहिलं. "ह्याका कोणाची नजर लागतली, गो?" ती प्राजक्ताच्या कानात म्हणाली, पण तीट लावली. रांग लागली. शर्यतीत रंगाचा नियम नव्हता, त्यामुळे दुपारच्या शर्यतीला अर्धी कुत्री तीट लावूनच उतरली. या शर्यतीत दोरीला कोल्ह्याची शेपटी बांधून ती उलट्या सायकलच्या चाकाने ओढतात आणि कुत्री तिच्यामागे सुटतात. सहा सुटली. पाच शेपटीमागे गेली, एक माझ्या पँटीमागे आली. माझी पँट आजही गुडघ्याखाली रफू केलेली आहे.

रांगेत शेवटी मिक उभा होता, तांबूस कुत्रीला काखेत घेऊन. तीट लावून झाली तरी तो हलेना. मग प्राजक्ताकडे न बघताच त्याने कुत्री तिच्या हातात दिली. "पाय," एवढंच म्हणाला. प्राजक्ता गवतात फतकल मारून बसली. मिकने कुत्रीचं डोकं धरलं.

"काटा आहे, खोल गेलाय," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात आण."

"आणतो, डॉक्टर," मिक म्हणाला.

गाडीकडे जाताना ती माझ्या बाजूने चालू लागली. "बाबा, मेळा झाला."

"उद्या काटा काढायचाय ना तुला?" मी विचारलं.

"हो."

"मग काढ."

तिने माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते आणि माझेही. आम्ही दोघांनी पावसाचं निमित्त केलं, तो तिथे नेहमी हाताशी असतो.

परत आल्याला आता महिना झाला. गाळा एका झेरॉक्सवाल्याने घेतला. त्याने मशीन चुकीच्या कोपऱ्यात ठेवलंय, पण मी बोललो नाही. प्रवासात काय पाहिलं असं लोक विचारतात, तेव्हा मी कुत्र्यांचं आणि पावाचं सांगतो. खरं सांगायचं तर ज्या मुलीला मी न्यायला गेलो होतो तिला मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि ती माझ्या कुठल्याच नकाशात मावत नव्हती. घर रिकामं वाटतं. हेही खरंच.

परवा सुलभा तांदूळ निवडत बसली होती. मला राहवलं नाही. "अगं, एक सांगायचं राहिलं," मी म्हणालो. "त्या दिवशी प्राजूचं बिनसावं असं मला मनातून वाटत होतं. म्हणजे ती परत आली असती."

तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "माका म्हायती असा."

"तुला कसं माहीत?"

"आठवडाभर त्या पोरीकडे नि कुत्रीकडे कसे बघत होतात, ता माका दिसाक नाय?" ती मान वर न करता म्हणाली. "गावाची खंयची नजर! तुमचीच लागतली म्हणान तीट लावलंय."