लाल उजेड कुणाच्या बाकावर

पिंपळनेरच्या पलीकडे एका खेड्यातल्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे. एवढी रुंद, की तिच्यातून गाडीबैल वळवून घ्यावेत. हे थोडं फुगवलंय. पण ती उतरवताना वाकलेली माझी कंबर अजून सरळ झालेली नाही, हे खरं. आमचं काच-फ्रेमचं दुकान. चौकटीला वाळवी लागली म्हणून पाळकांनी मला बोलावलं होतं.

काचेत मेंढरांमधला येशू आणि एका कडेला लाल लुगड्यातली बाई. ती गावातल्या अक्कांची आई, मिशनच्या दवाखान्यातली दाई. अर्धा तालुका तिच्या हातावर जन्मला. उरलेला अर्धा म्हणतो, आम्हीपण. तिच्याच आठवणीची ही काच.

नवी चौकट ठोकली, काच चढवली. रविवारी पाळकांचा फोन आला, लगेच या.

त्या चर्चमध्ये बाया डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. सकाळच्या उपासनेला लुगड्याचा लाल उजेड बायांच्या पहिल्या बाकावर पडायचा, आणि तिथं, आईच्या उजेडात, अक्का जन्मभर बसत आलेल्या. आज तो पुरुषांच्या बाकावर पडला होता.

मी आधी सूर्यावर ढकललं. मग वाटलं, काच उलटी, आतली बाजू बाहेर अशी बसली असावी. उतरवताना खडूनं खूण केली होती, ती मीच फडक्यानं पुसलेली. खात्री करायला लोकांनी मोबाईलमधले जुन्या लग्नांचे फोटो शोधले. कुणी आतून घेतलेले, कुणी बाहेरून, आणि सेल्फीत तर मोबाईलच डाव्याचं उजवं करतो. अर्ध्या तासात ती बाई दोन्ही कडांना उभी होती. पाळक म्हणाले उजवीकडेच होती, त्यांची बायको म्हणाली डावीकडे. मला तर माझाही उजवा हात कुठला ते समजेना.

"अक्का, आत्ताच उलटवतो," मी म्हणालो.

अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, भाऊ. तू फोडशी." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मनी माय माणसेसमा जाईसन बठनी. मीबी जास."

आणि मायच्या मागोमाग, काठी टेकत, त्या मधली वाट ओलांडून पुरुषांच्या पहिल्या बाकावर, लाल उजेडात जाऊन बसल्या. त्या बाकावर आधीच बसलेले नाना झटक्यात उठले. मागचे बाक भरलेले, आणि बायांकडे बसायची त्यांची छाती होईना. उपासना संपेपर्यंत ते मधल्या वाटेतच उभे होते. आणि त्यांच्या शेजारी मी.